स्क्रीनशॉट पाठवा

आमच्या ग्रुपमधली भांडणं सोमवारी होतात. पुण्याचा आमचा प्रोग्रामर नोकरी सांभाळून हे काम करतो, त्यामुळे नवीन आवृत्ती तो रविवारी सोडतो. सोमवारी लोक कामावर बसतात, मशीन सुरू करतात आणि काहीतरी बदललेलं असतं. ज्यांना बदल आवडतो ते गप्प राहतात. बाकीचे ग्रुपवर येतात.

मी लातूरला टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवते. आजूबाजूला सगळे कोचिंग क्लास, खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. काही वर्षांपूर्वी जळकोटकडची एक मुलगी टायपिंग शिकायला आली. तिला दिसत नव्हतं. तिनं पेनड्राइव्हवर एक सॉफ्टवेअर आणलं होतं, स्क्रीनवर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारं. फुकट होतं. त्याची कोणी कंपनी नाही. ठिकठिकाणचे लोक आपापल्या वेळात ते बनवतात, आतला सगळा कोड उघडा असतो, ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करावा. मुलगी परीक्षा पास होऊन गेली, मी मात्र अडकले. मराठी आवाज काही शब्द फार वेडेवाकडे वाचायचा. मी तशी तक्रार लिहिली. उत्तर आलं, तुम्हाला कळतंय तर तुम्हीच सुधारून द्या. दिले. फुकटच्या कामात एकदा हात घातला की तो लवकर बाहेर निघत नाही.

मराठीचं काम बघणारे आम्ही चार-पाच जण. त्यातलं खरं काम पुण्याचा मुलगा करतो. मुलगा म्हणते, पण चाळिशीला आला आहे. ग्रुपवर प्रश्नांना उत्तरं देणं माझ्याकडे. विचारणाऱ्यांना वाटतं मला पगार मिळतो. "तुमच्या हेड ऑफिसचा नंबर द्या," असं मला दर आठवड्याला कोणीतरी म्हणतं. पहिल्या पहिल्यांदा मी समजावून सांगत असे. आता "हेच हेड ऑफिस" म्हणते आणि पुढे जाते.

ग्रुपचे नियम प्रोग्रामरनं लिहिलेले आहेत. आवृत्ती कोणती ते सांगा. एका वेळी एकच अडचण मांडा. काय केल्यावर काय झालं ते क्रमानं लिहा. व्हॉइस मेसेज टाकू नका, कारण तो ऑफिसमध्ये असतो आणि ऐकू शकत नाही. आणि स्क्रीनशॉट पाठवा. हे मी मराठीत करून ग्रुपच्या वर लावले. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. कारण ग्रुपवर लिहिणारे बरेचसे डोळस असतात: अंधशाळेतले शिक्षक, कोणाचा भाऊ, कोणाची बायको. दुसऱ्याचं मशीन दुरुस्त करून देणारे.

त्या सोमवारी नांदेडहून एका माणसाचा व्हॉइस मेसेज आला.

"सलाम मॅडम. तुमच्या नव्या व्हर्जननं माझा आवाज बंद पडून राहिला. कधी चालतो, कधी एकदम मुका. कामाच्या मधी मुका होतो. लई वांधा झालाय. आजच्या आज काहीतरी करा."

मी नियमाप्रमाणे लिहिलं: नमस्कार, व्हॉइस मेसेज टाकू नये, आवृत्तीचा क्रमांक लिहा, अडचण येते त्या वेळचा स्क्रीनशॉट पाठवा.

लगेच दुसरा व्हॉइस मेसेज. पहिला नियम माहीत नसताना टाकलेला, हा नियम मोडायचा ठरवूनच.

"मॅडम, मला दिसत न्हाई. जन्मापासून. आवाज गेल्यावर मी टायपू कसा, आणि फोटो कशाचा काढू? काळोखाचा? पाठवतो, बघा, तुमच्या हापिसात चालतो का ते."

आणि खरोखर एक फोटो आला. पूर्ण काळा. फोन टेबलावर पालथा ठेवून काढलेला असावा.

ग्रुपवर दोघातिघांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. माझं डोकं तापलं. चूक आमची होती हे कळत होतं, पण चूक दाखवायची त्याची पद्धत मला आवडली नाही. मी लिहिलं, ठीक आहे, तुम्ही व्हॉइसवर सांगा, मी लिहून घेते. त्यानं सांगितलं. त्यातून काहीच हाती लागेना. काय दाबल्यावर बंद पडतं? काही दाबल्यावर न्हाई. कोणता प्रोग्राम उघडा असतो? कोणताही. मग परत कसं सुरू होतं? कोणी बघायला आलं की होतं.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत प्रोग्रामरनं उत्तर टाकलं. त्याची उत्तरं छोटी असतात. "तीन मशीनवर तपासलं. माझ्याकडे चालतंय. हेडफोनची वायर बघा."

नांदेडहून: "तुमच्याकडं चालतंय म्हणून मी घरी बसू का?"

"दादा, मी रविवारची सुट्टी यात घालवतो. पैसे घेत नाही. नीट माहिती द्या, नाहीतर मी काही करू शकत नाही."

"पैशे घेत न्हाई म्हणून कचरा द्यायचा का? फुकट जेवायला घालतो म्हणून खडे वाढायचे? आंधळ्याला काय कळतंय, खातंय मुकाट, असंच ना?"

थोड्या वेळानं खाली एक ओळ दिसली: प्रोग्रामर ग्रुपमधून बाहेर पडला.

मी त्याला फोन केला. उचलला नाही. आमच्यातल्या एकानं मला खासगीत लिहिलं, त्या नांदेडवाल्याला काढून टाका. मी काढलं नाही. दया वगैरे नव्हती. त्याला काढलं असतं तरी बिघाड ग्रुपमध्येच राहिला असता, आणि तो काढणारा माणूस बाहेर गेलेला होता.

संध्याकाळी नांदेडहून फोन आला. नंबर ग्रुपवरून घेतलेला.

"मॅडम, ते निघून गेले म्हणं."

"हो. आता तुमचा आवाज कोण दुरुस्त करणार?"

"मी शिवी दिली न्हाई."

"शिवी परवडली असती."

मग तो सांगायला लागला, आणि या वेळी आवाज चढवून नाही. नांदेडला एका त्वचारोगाच्या दवाखान्यात तो फोनवर बसतो. लोक फोन करतात, तो नंबर लावतो. एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानाला रिसीव्हर. मशीन कानात सांगतं की कोणती वेळ रिकामी आहे, तो फोनवर तीच सांगतो आणि नाव टाइप करतो. चांगली बरीच वर्षं हे चाललं होतं. नवी आवृत्ती आल्यापासून मधेच आवाज जायला लागला. आवाज गेला की त्यानं टाइप केलेलं नाव कुठे पडलं ते त्याला कळत नाही. त्याच दिवशी दुपारी इस्लापूरहून एक बाई लेकीला घेऊन आली होती. मिळेल ती गाडी धरून. नंबर लागला म्हणून त्यानंच सकाळी फोनवर सांगितलेलं. नाव कुठेच नव्हतं. तिनं दवाखान्यात सगळ्यांसमोर त्याला फाडून खाल्लं.

"डॉक्टर साहेब म्हणले, शनिवारपर्यंत बघतो. न्हाईतर सोमवारपासून सिस्टर फोनवर बसंल."

"आणि तुम्ही?"

"मी काय, घरी. भावाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान हाय इतवाऱ्यात. तिथं मी काय करू, काटे मोजू?"

मी विचारलं, दवाखान्यात दुसरं कोणी बघितलं का, बंद पडतं ते?

"तेच तर. कंपाउंडर येतो, बघतो, आन् ते बोलायला लागतं. डॉक्टर आले, बोलायला लागलं. सगळ्यांना वाटतं मीच काहीतरी बटन दाबतो. न्हाईतर खोटं बोलतो. तुमचा पुण्याचा माणूसबी तेच बोलला, फकस्त नीट भाषेत."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या इन्स्टिट्यूटमधल्या लॅपटॉपवर तीच आवृत्ती घातली आणि दिवसभर चालू ठेवली. मुलं टायपिंग करत होती, मागे सॉफ्टवेअरच्या आवाजातली बाई बडबडत होती. एकदाही थांबली नाही. मी त्याला तसं कळवलं. तो म्हणाला, "हाव. आता तुमच्याकडंबी चालतंय," आणि फोन ठेवून दिला.

मी कोणासाठी धावत जाणाऱ्यांतली नाही. पण शुक्रवारी मला परीक्षा केंद्राच्या कामासाठी नांदेडला जायचंच होतं आणि मुक्कामाला नणंद होती. सकाळच्या एसटीनं निघाले. अहमदपूर, लोहा करत गाडी पोचेपर्यंत मी मनात यादी करत होते: वायर, हेडफोन, जुना अँटीव्हायरस, कोणीतरी घातलेलं दुसरं बोलणारं सॉफ्टवेअर. यांतलंच काहीतरी निघणार याची मला खात्री होती. आणि ते निघालं की त्याच्याकडून ग्रुपवर माफी मागून घ्यायची आणि पुण्याच्या मुलाला परत आणायचं, हेही ठरलेलं होतं.

केंद्राचं काम दुपारी संपलं. दवाखाना गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या बाजूला कोपऱ्यात एक काउंटर, त्याच्यामागे तो. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, मान किंचित डावीकडे झुकलेली, कारण डाव्या कानात हेडफोन होता. मी नाव सांगितलं. त्यानं हात पुढे केला नाही.

"बसा मॅडम. आता फोन चालू हायत. थोड्या येळानं बोलू."

मी समोरच्या बाकावर बसले, पेशंटांमध्ये. तो काम करताना बघत राहिले. हेडफोनमधून आवाज बाहेर झिरपत होता. आमचाच आवाज, पण इतक्या वेगानं की मला तो ओळखू आला नाही, तेलात मोहरी तडतडावी तसा. त्यातून तो वेळ उचलत होता आणि फोनवर सावकाश, गोड बोलत होता. "हाव, उद्या साडेअकराला या. उपाशी यायची गरज न्हाई. न्हाई न्हाई, नाव कोणाला सांगत न्हाई आपण." चार-पाच फोन तसे गेले. काहीच बंद पडलं नाही. शेजारची बाई मला म्हणाली, "लई भला माणूस. याला दिसत न्हाई म्हणून बरं वाटतं नंबर लावायला." तिच्या सुनेनं पदर गळ्याभोवती घट्ट धरला होता.

मग फोन थांबले. चहा आला. त्यानं चहा घेतला, बशी पुसली, कप खाली ठेवला. माझ्याशी दोन शब्द बोलला. "बघितलं? तुम्ही आल्यावर शहाण्यासारखं वागून राहिलं."

फोन वाजला. त्यानं रिसीव्हर उचलला, एका हातानं कीबोर्ड दाबला आणि त्याची बोटं थांबली. परत दाबलं. हेडफोनमधली तडतड नव्हती.

"एक मिनिट हं, बघून सांगतो," तो फोनवर म्हणाला. आवाज तसाच गोड. पण मानेवरची शीर ताठ झालेली मला बाकावरून दिसली. दुसऱ्या हाताची बोटं कीबोर्डवर एकेक बटण दाबून बघत होती.

मी उठेपर्यंत कंपाउंडर आला. पन्नाशीचा, खिशात दोन पेनं.

"परत मुकं झालं का? अवं काय दाबता तुम्ही सारखं सारखं?" असं म्हणत त्यानं कीबोर्ड उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्याखालचं लॅपटॉपचं झाकण वर केलं. स्क्रीन उजळली. हेडफोन तडतडायला लागला. "हे बघा! बोलतंय की! मॅडम, तुम्हीच बघा, बोलतंय का न्हाई?"

मी त्या लॅपटॉपकडे बघत उभी राहिले. इतका वेळ मला तो दिसलाच नव्हता. मला वाटलं होतं, कीबोर्डखाली लाकडाचा पाट आहे.

फोन संपल्यावर मी त्याला विचारलं, "तुम्ही झाकण लावून काम करता?"

"मग? उघडून काय बघू?"

"रोज?"

"रोजच. तुम्ही डोळे उघडे ठेवून का जेवता हे मी विचारलं का कधी?" मग त्याच्या लक्षात आलं की मी वाद घालत नाहीये. "जागा कुठं हाय इथं. कीबोर्ड वर ठेवावा लागतो. आन् दुसरं म्हणजे, एकदा एक बाई काउंटरवरून वाकून स्क्रीन वाचून गेली. आमच्याकडं लोक कशासाठी येतात तुम्हाला म्हाईत हाय. पोरीच्या अंगावर एक पांढरा डाग दिसला तर सोयरीक मोडते. तवापासून झाकण बंद. डॉक्टर साहेबांनीच सांगितलं."

कंपाउंडर म्हणाला, "म्हणजे काय, झाकणात बिघाड हाय का?"

"गप बसा जरा," मी म्हणाले. तो खरंच गप बसला.

मी जिन्यात जाऊन पुण्याला फोन लावला. माझा नंबर बघून तो उचलणार नाही असं वाटलं होतं. पण त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, त्या माणसाबद्दल असेल तर मला बोलायचं नाहीये."

"झाकणाबद्दल आहे. झाकण बंद असताना आवाज थांबवायचं काही घातलंस का तू या वेळी?"

"हो. उदगीरच्या त्या कॉलेजच्या मुलीनं मागितलं होतं. एसटीत तिचा लॅपटॉप बॅगेतून बोलायला लागला, सगळ्या गाडीनं तिचे मेसेज ऐकले. म्हणून झाकण बंद असेल आणि काही वेळ बटण दाबलं नाही तर आवाज झोपवायचा, असं केलं. झाकण उघडलं की जागा होतो. का?"

"इथे माणूस झाकण बंद करून त्यावर कीबोर्ड ठेवून दिवसभर काम करतो. फोन आले नाहीत की तुझा आवाज झोपतो. मग फोन येतो आणि हा बटणं दाबत बसतो. बघायला येणारा प्रत्येक जण आधी झाकण उघडतो."



"ताई, झाकण बंद म्हणजे वापर बंद असं कोणीही धरेल."

"डोळे असणारं कोणीही धरेल. मीही धरलं. अख्खा दिवस उघड्या झाकणानं तपासत बसले."

"त्यानं सांगायला नको?"

"तू खुर्चीवर बसून टाइप करतोस हे कधी कोणाला सांगितलंस?"

"बरं. पण मी ते काढलं की उदगीरची मुलगी ओरडणार. आणि ग्रुपवर त्यानं जे लिहिलंय ते तसंच आहे. सगळ्यांनी वाचलंय. तो आधी माफी मागू दे. मी काय त्याचा नोकर आहे का?"

"नाहीस."

"मग?"

"मग काही नाही. शनिवारपर्यंत त्याची नोकरी आहे. तुझा राग खरा आहे. तो ठेव, पण दुरुस्ती पाठव."

"रविवारच्या आत होणार नाही. आणि माफी," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

वर येऊन मी नांदेडवाल्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, चेहऱ्यावर हसू यायला लागलेलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो."

"नव्हता."

"हे त्यानं ग्रुपवर लिहावं. सगळ्यांसमोर. मग मी माफी मागतो."

"तो म्हणतो, आधी तुम्ही."

"तर मग राहू द्या. सिस्टर बसंल फोनवर."

मला दोघांनाही एकेक लगावावीशी वाटली. एकाच्या हातात दुरुस्ती, दुसऱ्याची नोकरी, आणि दोघेही आधी कोण बोलतो यावर अडून बसलेले. संध्याकाळच्या ओपीडीला डॉक्टर यायची वेळ झाली होती.

"माफीचं नंतर बघा," मी म्हणाले. "आज संध्याकाळ काढायची आहे. झाकण उघडं ठेवलं की आवाज राहतो. कीबोर्ड मांडीवर घ्या."

"उघडं ठेवणार न्हाई."

"ब्राइटनेस कमी करते."

केली. पूर्ण खाली नेली तरी अक्षरं फिकट दिसतच होती. वाकून बघणाऱ्या बाईला तेवढं पुरतं.

"बघा," तो म्हणाला. त्याला दिसत नव्हतं, पण माझ्या गप्प राहण्यावरून कळलं. मग त्यानं खिशातून दस्ती काढली, मोठी, चौकटीची, नीट घडी घातलेली, आणि उघड्या स्क्रीनवर पसरली. दोन्ही टोकं मागे खोचली. बुरखा घातल्यासारखा तो लॅपटॉप दिसायला लागला. कंपाउंडर हसला. आम्ही दोघं हसलो नाही.

डॉक्टर आले. घाईत होते, पण काउंटरपाशी थांबले.

"हे काय? मशीनला थंडी वाजतीय का?"

त्यानं सांगितलं. चांगलं सांगितलं, कमी शब्दांत, कोणावर न ढकलता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही कंपनीकडून का?"

"कंपनी नाही साहेब. हे फुकट सॉफ्टवेअर आहे. लोक मिळून चालवतात. मी लातूरहून आले."

"मग बंद पडलं तर जबाबदार कोण?"

हा प्रश्न मला यापूर्वीही विचारला गेला होता, आणि मी त्यावर नेहमी "कोणी नाही, ज्याला जमेल तो" असं म्हणत आले. उत्तर बरोबर आहे. पण समोर बाकावर पेशंट बसलेले आणि काउंटरमागे हा माणूस मान झुकवून ऐकत असताना ते माझ्या तोंडातून निघेना.

"जबाबदार कोणी नाही," मी शेवटी म्हणाले. "पण कारण सापडलंय. तुमची ओपीडी संपेपर्यंत मी इथे बसते. एकदाही बंद पडलं तर तुम्ही सोमवारपासून सिस्टरला बसवा."

काउंटरमागून त्याचा चेहरा माझ्याकडे वळला. हे त्याला विचारून मी बोलले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "बसा."

मी बसले. ओपीडीत फोन कमी येतात, लोक समोरच असतात, म्हणजे आवाज झोपायला भरपूर वाव. प्रत्येक वेळी फोन बराच वेळ आला नाही की मी त्याच्या बोटांकडे बघायची. तोही घाबरलेला होता. मधेच उगाच एखादं बटण दाबून बघायचा. मी जाऊन त्याच्या कानाशी म्हणाले, "दाबू नका. तसं दाबून जागं ठेवलं तर सिद्ध काय होणार?"

"नोकरी माझी हाय आपा, तुमची न्हाई."

"माहीत आहे. तरी दाबू नका."

त्यानं हात मांडीखाली घेतले. खरोखर, शाळेत मास्तरनं सांगितल्यासारखे. बराच वेळ तसाच गेला. आत बाहेर पेशंट, कंपाउंडर नावं पुकारतोय. मग फोन वाजला. त्यानं उचलला, एक बटण दाबलं, आणि हेडफोनमधून मोहरी तडतडली.

ओपीडी संपल्यावर डॉक्टर निघताना फक्त म्हणाले, "ठीक हाय. राहू द्या सध्या. पण त्या फडक्याचं काहीतरी करा." त्यानं हेडफोन काढला आणि डोळे चोळले, जसे आपण चोळतो.

जिन्यापर्यंत सोडायला आला तेव्हा मी म्हणाले, "पुण्याच्या मुलाला दुरुस्ती करायला तुमचा बिघाड ऐकावा लागेल. उद्या झाकण लावा, थोडा वेळ गप्प बसा, मग काम करायला जा, आणि ते सगळं फोनवर रेकॉर्ड करा. बडबड करू नका. कोणाला काही सुनावू नका."

"व्हॉइस मेसेज चालत न्हाई ना तुमच्यात?"

"मला पाठवा. मी बघते."

मी शनिवारी लातूरला पोचेपर्यंत रेकॉर्डिंग आलं होतं. आधी आमचा आवाज वेगानं वाचतोय. मग काही नाही, पंख्याची घरघर. मग बटणांचे आवाज, एक, दोन, मग घाईघाईनं पुष्कळ. मग काहीच नाही. लांबून कंपाउंडर, "आजबी?" तो स्वतः एक शब्द बोललेला नव्हता.

मी ते पुण्याला पाठवलं. खाली काही लिहिलं नाही. बऱ्याच वेळानं उत्तर आलं: "हा माणूस या वेगानं ऐकतो? मला एक अक्षर कळलं नाही." मग: "आवाज गेल्यावर तो बटणं दाबत होता ती शेवटपर्यंत ऐकली." एवढंच.

रविवारी दुरुस्ती आली. सोबतच्या टिपेत लिहिलं होतं की झाकण बंद असतानाही आवाज चालू राहील. ज्यांना तो झोपवायचा असेल त्यांनी सेटिंगमध्ये तसं निवडावं. बिघाड नांदेडच्या एका वापरकर्त्यानं दाखवून दिला आणि तो सांगत होता ते बरोबर होतं. माफी नव्हती. नांदेडहूनही माफी आली नाही. प्रोग्रामर ग्रुपमध्ये परत आला, पण त्या माणसाच्या प्रश्नांना तो उत्तर देत नाही, ती मी देते. तो माणूसही प्रश्न मलाच विचारतो. नियमांमधली स्क्रीनशॉटची ओळ मी बदलून घेतली: स्क्रीनशॉट किंवा आवाजाचं रेकॉर्डिंग, जे जमेल ते. त्यावरही ग्रुपवर वाद झाला. आता सगळेच बोलतील, कोण ऐकत बसणार, वगैरे.

सोमवारी सकाळी पहिला मेसेज उदगीरच्या मुलीचा. "बॅग परत बोलायला लागली!!! कोणी बदललं हे?" टीप तिनं वाचलेली नव्हती. कोणीच वाचत नाही.

तिला सेटिंग कुठे आहे ते लिहून दिलं. मग इन्स्टिट्यूटच्या फोनवरून मी दवाखान्याचा नंबर फिरवला. सिस्टर उचलेल की तो, एवढंच बघायचं होतं.

"हॅलो, बोला. नंबर कोणासाठी लावायचा?"

मी काही बोलायच्या आत मागे तडतड ऐकू आली.

"पेशंटचं नाव सांगा," तो म्हणाला. मी गप्प. "हॅलो? ... आपा, तुमच्या खोलीत टायपिंग चालूय, मला ऐकू येतंय. काय झालं, अंगाला खाज सुटली का?"

"झाकण?"

"बंद हाय. कीबोर्ड वर. दस्ती खिशात."

"बरं."

"ठेवा आता. लाइनवर इस्लापूर हाय," असं म्हणून त्यानं माझा फोन कापला.